चार पंप आणि मूर्तीचा कापूस

नवऱ्याचं नाव लिहायला हात अजून अडखळतो. रोजच्या वहीत मी 'हे' एवढंच लिहिते. पण विहारातल्या वच्छलाबाई म्हणाल्या, "जया, नुसतं 'हे' लिहिलं तर वाचनाऱ्याले कोनाचे हे ते कसं समजंन? नाव लिही." म्हणून लिहिते. डोमाजी.

डोमाजी राजूरच्या कोळसा खाणीत एकतीस वर्षं पंप खलाशी होते. खाली झिरपणारं पाणी उपसत राहायचं, हे काम. एकच पंप सगळं पाणी वर आणत नाही, हे मला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात समजलं, कारण हे जेवताना दुसरं काही बोलत नसत. कोळसा कापतात तिथला लहान पंप पाणी मधल्या टाक्यात टाकतो, टाक्यातला मोठा पंप ते वर फेकतो. लहान्यानं दिलं नाही तर मोठा कोरडा फिरतो आणि जळतो. डोमाजी पेचकसाचं टोक पंपाला लावत, मूठ कानाला लावत आणि आत काय बिघडलं ते सांगत.

रिटायर झाल्यावर कान रिकामे झाले. गल्लीत कोणाची बोअरची मोटर सुरू झाली की हे चहाचा कप खाली ठेवून ऐकत. "नंदाबाईची बेअरिंग आठ दिवसांत जाते," म्हणत. जायचीच. नंदाबाई मला म्हणायची, "भाऊजीले सांग वं, माह्या मोटरीले नजर नको लावू म्हना."

मागच्या वर्षी पोळ्यानंतर आमच्याच राजूरचा गोविंदा घरी आला. तो वणीच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई आहे. म्हणाला, "डोमाजीभाऊ, आमच्या मॅडमचा एक पंप अडकला. वणीचे मिस्त्री हात लावाले तयार नाई. पाहून देता काय?"

"किती पानी फेकते?" यांनी विचारलं.

"पानी नाई फेकत. हवा फेकते."

"हवा कायले फेकाची?"

गोविंदानं हात वर केले. "मले काय मालूम. मॅडमले विचारा."

हे गेले ते संध्याकाळी तोंडभर हसत आले. इतकं हसताना मी त्यांना नातवाच्या, संघदीपच्या, बारशानंतर पाहिलं नव्हतं.

त्या मॅडम म्हणजे सुरभी मॅडम. मारेगावकडच्या कापूसवाल्या शेतकऱ्याची लेक. एका मोठ्या संस्थेनं आपलं जुनं यंत्र त्यांच्या कॉलेजला दिलं होतं. स्टीलचं एक गोल भांडं, आमच्या घरच्या पाण्याच्या टाकीएवढं, त्याला काचेच्या खिडक्या. त्याच्या आत धातूचा तुकडा ठेवून तो बारकाईनं तपासायचा. पण साध्या हवेत तुकड्यावर क्षणात हवेचा थर बसतो, म्हणून आधी भांड्यातली हवा काढायची. थोडीथोडकी नाही, जवळजवळ सगळी. मॅडम त्याला अतिउच्च निर्वात म्हणतात. मीटरवर शेवटी एक उणे आकडा येतो. उणे तीन, उणे सहा, असा तो जितका पुढे जाईल तितकी आत हवा कमी. उणे दहा पाहिजे होतं. संस्थेची अट होती, वर्षभरात उणे दहा दाखवा, नाहीतर यंत्र दुसऱ्या कॉलेजला जाईल. मॅडमचं आणि त्यांच्या दोन विद्यार्थिनींचं संशोधन त्या भांड्यावर उभं होतं.

हे काम एका पंपाचं नाही, हे डोमाजींना समजावून सांगावं लागलं नाही. फक्त खाणीत दोन पंप होते, इथे चार. यांनी चौघांना नावं दिली. पहिला रोटरी पंप, म्हणजे हमाल. घरघर करत जाड जाड हवा बाहेर काढतो, पण उणे तीनच्या आसपास थकतो. मग दुसरा, टर्बो. त्याच्या आतली पाती मिनिटाला साठ हजार फेरे घेतात आणि हवेच्या कणांना चापटी मारून खाली हमालाकडे ढकलतात. त्याचं नाव भिंगरी. तिसरा आयन पंप. त्यात काहीच फिरत नाही. विजेच्या आणि लोहचुंबकाच्या जोरावर तो उरलेले कण पकडतो आणि धातूच्या पाट्यांत गाडून टाकतो. आवाज नाही म्हणून तो मुका. चौथा म्हणजे टायटॅनियमची तार. ती तापवली की तिची वाफ भिंतीवर बसते आणि चुकलीमाकली हवा तिला चिकटते. तो डिंक.

"मुक्याले लवकर चालू केला तर जळते," हे मला सांगत. "हमालानं भिंगरीले द्याचं, भिंगरीनं मुक्याले. मधात कोनी उडी माराची नाई."

मी म्हटलं, "मंग हे कापसाच्या वेचनीसारखंच झालं. पहिल्या वेचनीले कमरेची वटी भरते, दुसरीले अर्धी, अन् शेवटच्या फरदडीले एक एक बोंड हुडकत फिरा."

दुसऱ्या दिवशी हेच यांनी मॅडमना सांगितलं. मॅडमनी विद्यार्थिनींना तसंच शिकवलं म्हणे. मी वहीत लिहून ठेवलं.

आता माझ्या चुकीकडे येते.

भांडं बंद करण्याआधी त्याच्या दाराची कड आणि आतली बाजू पुसावी लागते. हातमोजे घालून, स्पिरिटनं, एका खास कागदानं. बोट जरी लागलं तरी बोटाचा तेलकटपणा आत वाफ होऊन फिरत राहतो. डिसेंबरात भांडं बंद करायच्या दिवशी तो कागद संपला. मॅडम परीक्षेच्या कामाला बाहेर गेल्या होत्या. हे दुपारी जेवायला घरी आले तेव्हा म्हणाले, "जया, एकदम साफ फडकं दे. घरात सगळ्यात साफ जे असंन ते."

आमच्या घरात सगळ्यात स्वच्छ काय, याचा मला विचार करावा लागला नाही. माझा भाऊ बोरी अरबला शेती करतो. तो दरवर्षी पहिल्या वेचणीचा कापूस पाठवतो. मी हातानं सरकी काढते, झाकणाच्या डब्यात ठेवते आणि रोज सकाळी वंदनेआधी त्याच कापसानं बुद्धमूर्ती पुसते. दुसऱ्या कशालाही तो वापरत नाही. त्यातला दोन मुठी कापूस मी यांना दिला. यांनीही तो दोन्ही हातांनी घेतला. भांडं त्या कापसानं पुसलं, फटीतून हवा शिरू नये म्हणून दाराला तांब्याचं नवं कडं बसवलं, बोल्ट आवळले.

हमाल चालला, भिंगरी चालली. मग भांड्याला तापपट्ट्या गुंडाळून, वरून चांदीचा कागद लपेटून दोन दिवस भाजलं, म्हणजे भिंतींना बसलेलं पाणी निघून जावं. गार झाल्यावर मुका सुरू केला, डिंक तापवला. आकडा उणे आठवर आला आणि थांबला. दुसऱ्या दिवशी उणे आठ. आठवड्यानंही उणे आठ.

आत काय उरलंय ते दाखवणारं एक उपकरण आहे. मॅडमनी आलेख पाहिला आणि म्हणाल्या, "आत तेलासारखं काहीतरी आहे, काका. पंपाचं तेल मागे आलं असेल का?"

तेल फक्त हमालात असतं, आणि हमाल यांच्या हातातला. मधे एकदा दुपारी लाईट गेली होती. त्या वेळी हमालाकडचा व्हॉल्व बंद करायला आपल्याला उशीर झाला असेल, असं यांनी मनात धरलं. मॅडम म्हणाल्या, तो व्हॉल्व आपोआप बंद होतो. यांना पटलं नाही. घरी येऊन पेचकस खोक्यात ठेवला.

"उद्यापासून नाई जात," म्हणाले. "मले ऐकू आलं नाई वं. एकतीस वर्षांत असं झालं नवतं. कान गेले माहे."

चार दिवस हे ओट्यावर बसले. नंदाबाईची मोटर सुरू झाली तरी मान वळवली नाही. नंदाबाईच येऊन म्हणाली, "भाऊजी, सांगा न, किती दिवस टिकते?" हे म्हणाले, "मिस्त्रीले विचार."

पौष पौर्णिमा आली. त्या दिवशी मी पांढरी साडी नेसते, अष्टशील पाळते आणि मूर्ती पुसत नाही, पाण्यानं धुते. धुताना कापसाचा एक पेळू पाण्याच्या परातीत पडला. मी त्याला दाबून बुडवला. तो वर आला. पुन्हा बुडवला, पुन्हा वर, वरून कोरडा. इतकी वर्षं कापूस हाताळते आहे, आणि ही गोष्ट मला आईनं लहानपणीच सांगितली होती: कच्चा कापूस पाणी पीत नाही, त्याच्या अंगी मेण असतं, जखमेला बांधायचा तर आधी सोडा घालून उकळावा लागतो.

मेण. भांड्यात तेलासारखं दिसलं ते हेच.

खरं लिहिते. पहिला विचार आला तो गप्प राहायचा. मूर्तीचा कापूस मळका निघाला, हे कोणत्या तोंडानं सांगू? पण वंदनेला बसले आणि चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या शीलाला थांबले. वंदना पुरी केली. मग परात तशीच उचलून ओट्यावर नेली आणि यांच्या पुढ्यात ठेवली.

"हे पाहा."

"काय पाहू? कापूस तरंगते."

"काहून तरंगते?"

यांनी बोटानं तो बुडवला. वर आला. बोटाला बोट चोळून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता चिडतील.

"म्हंजे हमालाचं तेल नवतं," हे हळूच म्हणाले.

"नाई. माहा कापूस होता."

"म्हंजे कान शाबूत हायत."

"कानाचं मी कुठी काही म्हटलं?"

हे उठले, खोक्यातून पेचकस काढला, चपला घातल्या आणि परात उचलली. मी म्हटलं, परात तरी खाली ठेवा. ठेवली नाही. गोविंदाच्या मोटरसायकलवर मागे बसून, पाणी सांडत, परात घेऊन वणीला गेले. गोविंदा नंतर सांगत होता, चौकात लोक विचारत होते की भाऊ कुठल्या देवाला चाललात.

मॅडमनी परातीत बोट बुडवलं आणि खुर्चीत बसून हसायला लागल्या. "काका, आमच्या घरी तीन पिढ्यांपासून कापूस आहे. मले नाही सुचलं."

संस्थेचे तपासणीचे साहेब यायला सहा दिवस होते. त्याच दिवशी भांडं उघडलं. साबणानं, मग स्पिरिटनं, नव्या कागदानं पुसलं. नवं कडं. हमाल, भिंगरी, दोन दिवस भाजणं, एक दिवस गार होणं. पाचव्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन गेले. मॅडमनी मला आत बोलावलं. मी दारातच उभी राहिले, कशाला हात लागू नये म्हणून हात पाठीमागे धरले. गोविंदा म्हणाला, "वहिनी, हातात कापूस गिपूस नाई ना?"

"नाई रे बाबा. पोळ्या हायत."

मुका सुरू केला. आकडा उणे आठवर आला. मीटरवर उणे आठच्या आधी असलेला छोटा आकडा हळूहळू उतरत होता, नऊ, सहा, तीन, दोन, आणि मग उणे नऊ. मॅडमनी डिंक तापवला. आकडा आधी थोडा मागे गेला. हे म्हणाले, "थांब. तार तापली का आधी वाफच निघते." तार बंद केली. आकडा परत उतरायला लागला. उणे नऊ. उणे नऊ. आणि मग उणे दहा.

मॅडमनी खिशातून रुमाल काढून डोळे पुसले. डोमाजींनी सवयीनं पेचकसाचं टोक मुक्याला लावलं, मूठ कानाला लावली, आणि खूप वेळ ऐकत राहिले.

"काय ऐकू येते, काका?" मॅडमनी विचारलं.

"काईच नाई," हे म्हणाले. इतक्या खुशीत कोणी 'काहीच नाही' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले, आकडा पाहिला, कागदावर सही केली. यंत्र इथंच राहिलं. त्यांनी विचारलं, "पंप कोण पाहतं?" मॅडमनी यांच्याकडे बोट दाखवलं. साहेबांनी विचारलं, "आणि सफाई कशानं करता?" हे म्हणाले, "थे आता आमच्या घरी विचारा लागते."

तांब्याचं कडं एकदाच वापरता येतं, दुसऱ्यांदा ते घट्ट बसत नाही. जुनं कडं मॅडमनी मला दिलं. मूर्तीपुढे मेणबत्तीखाली ते अगदी नीट बसलं.

त्याच संध्याकाळी मी डब्यातला सगळा कापूस सोडा घालून उकळला, धुतला, आणि वाळत घालायच्या आधी एक पेळू परातीत टाकला. हे ओट्यावरून उठून पाहायला आले. पेळू पाण्यावर क्षणभर थांबला आणि मग अलगद तळाला गेला.

"बुडाला," मी म्हटलं.

हे उत्तर देणार तेवढ्यात पलीकडे नंदाबाईची मोटर सुरू झाली. यांनी बोट वर करून मला गप्प केलं आणि ऐकलं.

"पंधरा दिवस," म्हणाले, "जास्त नाई."