तोफेचे बैल

लग्न होऊन केज तालुक्यातल्या त्या गावी आले तेव्हा मी शाळेत चित्रकला शिकवायची आणि घरी आत्याबाईंशी, म्हणजे माझ्या सासूबाईंशी, जेवढ्यास तेवढं बोलायची. त्या स्वभावानं वाईट नव्हत्या. मी औरंगाबादेत शिकलेली म्हणून त्या बिचकायच्या आणि त्यांचं निम्मं बोलणं कळायचं नाही म्हणून मी. ह्यांची नोकरी बीडला होती, सासरे आधीच गेलेले. घरात आम्ही दोघीच.

गावच्या दूध सोसायटीनं नवा हॉल बांधला होता. दिवाळीनंतर चेअरमन शाळेत आले ते काखेत काचेची एक तसबीर घेऊन. खर्ड्याच्या लढाईचं छापील चित्र होतं. लढाई शेजारच्याच मुलखात झालेली, तर तिचं मोठं चित्र हॉलमध्ये लावायचं, आठ फूट बाय पाच, असं त्यांच्या मनात होतं. अट एकच, हुबेहूब झालं पाहिजे. चित्रांवरून चित्रं मी पुष्कळ काढली होती, पण ती फुलांची आणि चेहऱ्यांची. तरी जमेल म्हणाले.

सुतारानं चौकट करून दिली. तिच्यावर मांजरपाट ताणला, सरस आणि पांढऱ्या रंगाचे हात दिले. तसबिरीच्या काचेवर शाईनं चौकोन आखले, कापडावर तेवढेच मोठे आखले आणि शाळा सुटल्यावर एकेक चौकोन उतरवत गेले. सरदार, घोडे, भाले, धूर सगळं मार्गी लागलं. अडलं खालच्या डाव्या कोपऱ्यात. तिथं दोन बैल चढावर तोफ ओढत होते, पण छपाईत तो भाग काळवंडून गेलेला. मोठं करायला गेलं की डागच मोठा व्हायचा.

तोवर उन्हाळा लागला. त्या साली पावसानं दगाच दिला होता. विहिरी आटल्या, कडबा संपला, तेव्हा सोसायटीनं माळावर जनावरांची छावणी उघडली. आमचे दोन देवणी बैल आणि एक गाय घेऊन आत्याबाई तिकडंच राहायला गेल्या. शाळेला सुट्टी लागलेली, मी रोज त्यांचा डबा पोचवायची. एकदा सोबत वही नेली आणि दावणीचे बैल काढत बसले.

आत्याबाई मागून येऊन बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे वडत न्हाईत. नुस्ते हुबे हायेत."

मी त्यांना चित्राचं सगळं सांगितलं. तोफ किती वजनाची, रस्ता मातीचा की मुरमाचा, असं त्या विचारू लागल्या. तसबिरीत त्यातलं काहीच दिसत नव्हतं. उद्या पाण्याच्या वेळेला ये, एवढंच त्या म्हणाल्या.

टँकर खाली सडकेला थांबायचा. तिथून पाण्याची टिपाडं बैलगाडीनं माळावर चढवावी लागत आणि त्याच्या पाळ्या लावलेल्या असत. आत्याबाईंनी दुसऱ्या कुणाची पाळी मागून घेतली होती. बैल जुंपून झाल्यावर त्यांनी मला चढाच्या मध्यावर जमिनीवर बसवलं.

"खालून बघ. वरून बैल कळत न्हाई."

गाडी हलली तशा दोन्ही माना खाली गेल्या. जू वशिंडाला भिडलं, मागचे खुर मुरमात रुतले. दोघांच्या बरगड्या वेगवेगळ्या मोजता येत होत्या. मध्येच आत्याबाईंनी गाडी थांबवली. मला वाटलं माझ्यासाठी, पण बैलांना दम घ्यायचा होता. तीन दिवस त्या अशा पाळ्या मागत राहिल्या. माझी वही भरली, आणि कोपऱ्यातल्या बैलांना जीव आला.

सोसायटीच्या वार्षिक सभेला चित्र हॉलमध्ये लागायचं होतं. तिच्या आठ दिवस आधी चेअरमन ते बघायला शाळेत आले. तसबीर हातात धरून त्यांनी सगळं ताडून पाहिलं आणि बैलांपाशी थांबले.

"बाई, फौजेचे बैल उपाशी कसे?"

मी चिडले. बैल तुमच्याच छावणीतले आहेत, जसे दिसले तसे काढले, असं बोलून गेले. त्यांनी तसबीर बाकावर ठेवली आणि ते निघून गेले. चारा मिळवण्यासाठी तो माणूस महिनोन्‌महिने गावोगाव हिंडत होता, हे मला बोलल्यावर आठवलं.

संध्याकाळी छावणीत जाऊन सगळं आत्याबाईंना सांगितलं. त्या माझी बाजू घेतील असं वाटलं होतं.

"तू कावून चिडली? बरोबर हाय त्यांचं," त्या म्हणाल्या. मग गाईच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "चितरात तरी पोटभर खाऊ दे त्यांला."

दुसऱ्या दिवशी जनावरं शेजारणीवर सोपवून त्या शाळेत आल्या. पहिल्यांदाच आल्या होत्या. बाकावर मांडी घालून बसल्या आणि मी एकेक बरगडी बुजवत गेले.

"मागं, पुठ्ठ्यावर अजून थोडं मांस लाव. उजव्या अंगाचा लई खादाड हाय, त्याला जरा जास्तच."

मला हसू आलं. त्याही पदर तोंडाला लावून हसल्या. मग खादाडानं एकदा शेजाऱ्याची ज्वारी कशी फस्त केली, डावा लहानपणी दार उघडं दिसलं की घरात कसा शिरायचा, हे सगळं त्या सांगत बसल्या. त्यांचं बोलणं मला आता सगळं कळत होतं. दुपार कशी गेली समजलं नाही. बैल चांगले गुबगुबीत झाले.

सभेच्या दिवशी चेअरमननी पुन्हा एकदा बारकाईनं पाहिलं. मूळ चित्रात तिथं नुसता काळा डाग आहे, असले ठिपक्यांचे देवणी बैल नाहीत, पण हे आपल्या दोघांतच राहू द्या, असं ते हळूच म्हणाले. लोक सरदाराकडं एकदा बघायचे आणि कोपऱ्याशी जाऊन बैलांच्या शिंगांवर, वयावर बोलत उभे राहायचे.

पाऊस उशिरा आला, पण आला. बैल घरी परतले. उजव्या अंगाचा दोन वर्षांनी म्हातारपणानं गेला. त्यानंतर कितीतरी दिवस आत्याबाई दूध घालायला माझ्याकडंच किटली द्यायच्या, सोसायटीकडं फिरकायच्या नाहीत. मग एका सकाळी स्वतःच गेल्या आणि रिकामी किटली घेऊन परत आल्या.

"चितरावर लई धूळ बसलीया," त्या दारातूनच म्हणाल्या. "मऊ फडकं घे, जाऊ."

मी खुर्चीवर चढून धूर आणि भाले पुसले. खालचा बैलांचा कोपरा त्यांनी मला पुसू दिला नाही, फडकं स्वतःच्या हातात घेतलं.