साहेबांची टाकी आणि म्हशीची डोण

“टाकी लिहा आणि सही करा. दहा मिनिटांचं काम आहे,” साहेब म्हणाले.

आम्ही कृष्णेच्या पात्रात उभे होतो. जयसिंगपूरच्या पुढच्या एका गावी बंधाऱ्याच्या दुरुस्तीसाठी पाणी सोडून दिलं होतं आणि गाळातून गंजलेलं लोखंड वर आलं होतं. साहेब म्हणजे सरकारी खात्यातले डेप्युटी इंजिनिअर. मी रिटायर्ड बॉयलर इंजिनिअर, राहणार कोल्हापूर. उभी हयात साखर कारखान्यांच्या बॉयलरपुढं गेली, हल्ली जुन्या मशिनरीची ओळख पटवून सर्टिफिकेट देतो. स्क्रॅप विकण्याआधी वस्तू काय आहे, ते कुणीतरी लिहून द्यावं लागतं. सोमवारी कटिंग ठरलेलं, म्हणून साहेबांना घाई.

“एखाद्या कारखान्याची मळीची टाकी पुरात वाहून आली असणार,” ते म्हणाले.

मी पँट दुमडून गाळात उतरलो. उभ्या पिंपाला खाली लोखंडी दार होतं. आत शेगडीच्या जाळ्या, वर धुराड्याचा बुंधा.

“साहेब, मळीच्या टाकीला आगीचं दार कशाला लागतं? हा बॉयलर आहे. वाफ करायची आणि वाफेवर इंजिन चालवायचं. आणि हा ज्यावर उभा आहे, तो बोटीचा सांगाडा आहे.”

“बोट? मग मधोमध हे भगदाड कसलं? भोकाची बोट कुठं तरंगते?”

शेजारी उभा असलेला, गावातलाच भंगाराचा कंत्राटदार खो खो हसला. माझं डोकं फिरलं. ते भगदाड नव्हतंच. पुढच्या टोकापासून निम्म्यापर्यंत सरळ चीर होती आणि तिच्या दोन्ही कडांना उभा पत्रा लावून रिव्हेट मारले होते. रिव्हेट म्हणजे तापवून ठोकलेला खिळा, वेल्डिंग येण्याआधीचा. फुटलेल्या जागेला कुणी रिव्हेट मारत बसत नाही. चीर मुद्दाम ठेवलेली होती. कशासाठी, ते मात्र मलाही सांगता येईना, आणि त्याचा राग वेगळाच.

काठावर एक म्हातारे बसले होते. दत्तूआण्णा, पिढीजात नावाड्याच्या घरातले. ते तिथूनच ओरडले, “पावणं, टाकी न्हाय ती! माझा आज्जा हिच्यावर कामाला हुता की. माती खानारी नाव म्हनायचा हिला.”

“झालं सुरू,” कंत्राटदार म्हणाला. “ह्यांच्या आज्ज्याच्या थापा साऱ्या गावाला पाठ हायत्या.”

आण्णा उठून घराकडं चालू लागले. ऐंशीच्या पुढचा माणूस, आणि चारचौघांत असं बोलायचं? मी साहेबांना तिथंच सोडलं आणि आण्णांबरोबर त्यांच्या घरी चहाला गेलो.

“ल्हानपनापास्नं सांगतोय,” आण्णा म्हणाले. “माझं लगीन ठरताना सुदिक लोक म्हनलं, थापाड्यांचं घर हाय, पोरगी देऊ नका.”

समोर गोठ्यात म्हैस पाणी पीत होती, लोखंडी डोणीतून. मी कप खाली ठेवला.

“आण्णा, ही डोण कुठली?”

“आज्ज्यानंच आनल्याली. नदीतनं.”

डोणीच्या मागं दोन जाड कान, त्यांत आरपार भोकं. पुढच्या ओठाला वेगळी पोलादी पट्टी, एका बाजूनं झिजलेली. तळाला बारीक भोकांच्या रांगा, सिमेंटनं बुजवलेल्या. पाणी पाजायच्या भांड्याला भोकं कोण पाडतं? ज्याला पाणी गळू देऊन गाळ तेवढा धरायचा आहे, तो. मी डोणीला टेप लावला आणि तसाच नदीवर पळालो. डोण मापानं त्या चिरेत बरोबर बसत होती, दोन्हीकडं चार-चार बोटं जागा राखून.

तो ड्रेजर होता, गाळ काढणारी बोट. रहाटाला जशी गाडगी, तशा साखळीला अशा बादल्या. साखळी चिरेतून नदीच्या तळाला जायची आणि वाफेचं इंजिन ती फिरवायचं. आज्जा अक्षर न् अक्षर खरं बोलला होता. बोट कुणाची, कधी आली, ते मला कळलं नाही, म्हणून मी ते लिहिलंही नाही. बाकी तीन पानी रिपोर्ट केला आणि ‘माहिती देणार’ या रकान्यात आण्णांचं नाव घातलं.

“हे ऐकीव काढून टाका,” साहेब म्हणाले. “आणि बोट लिहिलंत तर कटिंग थांबवून मला दहा ठिकाणी पत्रं लिहावी लागतील. टाकी लिहा.”

“तुम्हीच लिहा. मी सही करणार नाही.”

रिपोर्ट आवक-जावकला दिला, माझ्या प्रतीवर शिक्का घेतला आणि एक प्रत वरच्या ऑफिसला रजिस्टर पोस्टानं पाठवली.

सोमवारी कटिंग झालंच. दुसऱ्या एका इंजिनिअरनं मोबाइलवर फोटो बघून सही ठोकली होती. मळीची टाकी, एक नग. नदीत पाय न बुडवता! मी पोचलो तेव्हा ट्रक निघून गेला होता. गाळात खड्डा, आणि काठावर आण्णा. सही माझ्याच पेशातल्या माणसाची होती, त्यामुळं आण्णांकडं वर बघायची मला लाज वाटली.

दोन महिन्यांनी वरून विचारणा आली, बोट कुठं आहे? साहेब गाडी घेऊन आण्णांच्या दारात हजर. ओळख पटवायला मलाही बोलावलं.

“आण्णा, ती ड्रेजरची बादली द्या,” साहेब मऊ आवाजात म्हणाले. “पुरावा म्हणून जमा करायची आहे.”

आण्णा म्हशीची पाठ चोळत होते. त्यांनी मानही वळवली नाही. “बादली कुठली, सायेब? म्हशीची डोण हाय ती. तसंच लिवा आन् सही करा.”

साहेब माझ्याकडं बघायला लागले. मी छपराकडं बघत राहिलो.

“द्यायची म्हनला तर दीन,” आण्णा म्हणाले. “पर आदी पारावर या. चार लोकांत सांगा, माझा आज्जा खरं बोलत हुता म्हनून.”

पारावर गाव जमलं. कंत्राटदारही होता. साहेबांनी खाली बघत ते वाक्य पुटपुटलं.

“मोठ्यानं की,” आण्णा म्हणाले.

साहेबांनी मोठ्यानं सांगितलं. त्यानंतरच डोण गाडीत चढली.

तेव्हापासून जुनं यंत्र ओळखायला गेलो की मी आधी आसपासचे गोठे बघून येतो. ऑफिसातली फाइल नंतर.