ओसरीवरची शाळा आणि अंगणातली मुलं

चूक माझी होती आणि ती अजाणता झालेली नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे लिहिताना स्वतःला सांभाळून घ्यायचा मोह मला होईल.

पुण्यात पेठेतल्या एका जुन्या घराचं आता संग्रहालय झालं आहे. तिथे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी मी स्थानिक इतिहासावर बोलतो. नोकरी विम्याच्या कचेरीत, हा छंद. अंगणात पन्नासेक खुर्च्या मांडतात. पहिल्या रांगेतले निवृत्त लोक ऐकायला कमी आणि चुका काढायला जास्त येतात. त्यांचा ठरलेला प्रश्न, "कागद आहे का?" म्हणजे, सांगताय त्याचा लेखी पुरावा दाखवा. सुरुवातीला या प्रश्नाने मला घाम फुटायचा. पुढे तो दुसऱ्यांना विचारायला मीही शिकलो.

माझ्या भाषणात हमखास टाळ्या घेणारा एक भाग होता. घराच्या मूळ मालकांनी ओसरीवर मुलांची शाळा चालवली होती. "या ओसरीवर सगळ्या जातींची मुलं मांडीला मांडी लावून शिकली," असं म्हणून मी ओसरीकडे हात करायचो. दहा वर्षं करत होतो.

त्या रविवारी मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. सत्तरी ओलांडलेल्या, हातात कापडी पिशवी.

"सर, माझे वडील या शाळेत होते. पुढे खडकीला कारखान्यात लागले. पण ते ओसरीवर नव्हते बसत. आमची मुलं खाली अंगणात. पाऊस आला की वरच्यांची शाळा चालू आणि यांना सुट्टी. तेवढं सांगत जा."

मालकांचे वारस समोरच बसले होते. मी हसून म्हणालो, "बाई, आठवणींना मोल आहेच. पण आपण पुण्यात आहोत. कागद आहे का?"

लोक हसले. पहिल्या रांगेतून एकाने भर घातली, "नसेल तर वेधशाळेत विचारा, पावसाची नोंद तरी मिळेल!" पुन्हा हशा.

"नाही, माझ्याकडे कागद नाही," असं म्हणून त्या निघून गेल्या.

कागद माझ्याकडे होता. दोन वर्षांपूर्वी संग्रहालयाच्या कागदपत्रांची यादी करताना त्या शाळेचा हजेरीपट मी पाहिला होता. काही नावांपुढे बारीक अक्षरात 'बाहेर' असा शेरा होता. पावसाळ्याच्या महिन्यांत नेमक्या त्याच नावांपुढे गैरहजेरीच्या फुल्या होत्या. अर्थ मला कळला होता. तरी पट मी कपाटात परत ठेवला. वारसांनी एवढं घर संग्रहालयाला दिलंय, त्यांना कशाला दुखवा, असं मनाला सांगितलं. खरं तर मला त्या टाळ्या सोडवत नव्हत्या.

पुढचे काही महिने शाळेचा भाग गाळून बोललो. कुणाच्या लक्षातही आलं नाही. मग एकदा अभिप्रायाची वही चाळताना त्या रविवारचं पान सापडलं. भाषणाआधीच त्या बाईंनी लिहिलं होतं, 'वडिलांची शाळा बघायला आले.' पुढे वडिलांचं नाव आणि स्वतःचा वारज्याचा पत्ता. कपाट उघडून पट काढला. ते नाव त्यात होतं. पुढे शेराही होता.

झेरॉक्स घेऊन वारज्याला गेलो. दार त्यांनीच उघडलं.

"या सर. कागद मागायला आलात?"

"द्यायला आलोय."

चष्मा लावून त्यांनी नावावरून बोट फिरवलं. एका महिन्याच्या फुल्या एकेक करून पाहिल्या.

"इतके दिवस बुडायची होय शाळा? ते म्हणायचे, माझं गणित पावसाने कच्चं ठेवलं. आम्हाला वाटायचं, थट्टा करतायत."

मला खाली बघवत नव्हतं, वर बघवत नव्हतं. म्हणालो, "ताई, हा पट मला आधीपासून माहीत होता. तुम्ही उभ्या राहिलात, तेव्हाही. मला माफ करा."

 झेरॉक्सची घडी घालत त्या म्हणाल्या, "माफी इथे कशाला मागताय? इथे कोण हसलं होतं?"

पुढच्या भाषणाला त्या आल्या, मुलीला घेऊन. वारस नेहमीच्या जागी होते. पहिली रांग भरलेली होती. दहा वर्षांत माझं ऐकून गेलेल्या माणसांना आता कुठे गाठणार होतो? समोर होते तेवढ्यांना सांगितलं.

"इथल्या शाळेबद्दल मी तुम्हाला अर्धवट सांगत आलो. काही मुलांना ओसरीवर बसू देत नव्हते. ती खाली अंगणात बसायची. मागे एका ताईंनी हे सांगितलं, तेव्हा मी त्यांच्याकडे कागद मागितला. कागद या घरातच होता, मी तो वाचलेला होता. मी तो दडवला आणि चारचौघांत त्यांचं हसं होऊ दिलं. ताई, मी तुमची माफी मागतो. तुमच्या वडिलांचीही."