बादल बैलाचं तळं

बाईमाणसाने जनावरांच्या जंतांवर उभा जन्म घालवला की नातेवाईक कौतुक जरा बेतानेच करतात. परभणीहून पनवेलला निघाले तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "लोक मुंबईकडे खरेदीला जातात, तुम्ही गोगलगाई वेचायला." मी हसले, कारण ते खरंच होतं.

पनवेलला माझा एक जुना विद्यार्थी जनावरांचा डॉक्टर आहे. उलव्याकडे शर्यतीचा एक बैल जागेपणी घोरतो, असं त्याने फोनवर सांगितलं होतं. रोगाचं नावच मुळी घोरणे. जंत नाकाच्या रक्तवाहिन्यांत राहतो, त्याची पिल्लं पाण्यातल्या गोगलगाईंत वाढतात आणि पाण्यात उतरलेल्या जनावराच्या कातडीतून आत शिरतात. आमच्या मराठवाड्यात हा रोग मी पुष्कळ पाहिला. पण जिथे शेतंच उरली नाहीत तिथे तो टिकून असेल, असं वाटलं नव्हतं.

पळस्पे फाट्याला उतरून रिक्षा केली. रिक्षावाल्याने दोनदा भलत्याच टॉवरखाली नेऊन सोडलं. "मॅडम, हा रस्ता मागच्या महिन्यात नव्हताच," तो म्हणाला. सगळीकडे क्रेन, धूळ आणि विमानतळाच्या बाजूने येणारे डंपर. शेवटी एका चार मजली इमारतीच्या पार्किंगमध्ये, दोन मोटारींच्या मधे, पांढराशुभ्र बैल बांधलेला दिसला आणि पत्ता सापडला.

बैलाचे मालक जनार्दनदादा साठीच्या पुढचे. पूर्वी भातशेती आणि मिठागर, आता इमारतीचं भाडं. "आदी जेवा, मंग बैल बघा," म्हणाले. वहिनींनी तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं (चिखलात उड्या मारणारे लहान मासे) कालवण वाढलं. इतकं चविष्ट जेवण सोडून मी नळ्या-बाटल्यांचा विचार करत होते, याची आता लाज वाटते.

बैलाचं नाव बादल. श्वास घेताना नाकातून घरघर येत होती. बॅटरी लावून पाहिलं, तर आत फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी गाठ.

"दोन शर्यती आर्ध्यातच सोडल्या यानं," दादा म्हणाले. "दम कमी पडतो. म्हनून आता रोज दोनदा पोवायला नेतो तल्यावर. पोवल्यानं बैलाचा दम वाडतो. आमच्या बापानं बी हेच केलं."

"मला ते तळं दाखवा," एवढंच मी म्हटलं. आधी खात्री करायची, ही आमची शिस्त.

तळं इमारतीमागेच होतं, त्यांच्या घराण्याचं. तीन बाजूंना पत्रे ठोकलेले, चौथ्या बाजूला कमळाची पानं आणि एक बगळा. दोर सोडताच बादल आपणहून पाण्यात शिरला. दादा गुडघाभर पाण्यात उभे राहून त्याच्याशी बोलत होते. माणूस आणि जनावर इतक्या सुखात मी क्वचितच पाहिलंय.

पानांखालून चपट्या शंखाच्या गोगलगाई वेचल्या, काचेच्या पेल्यातल्या पाण्यात टाकल्या आणि पेला उन्हात ठेवला. थोड्या वेळाने भिंग लावलं. जंताच्या पिल्लांनी पाणी नुसतं वळवळत होतं. मला इतका आनंद झाला की मी दादांना हाक मारून भिंग त्यांच्या हातात दिलं आणि वर्गात शिकवावं तसं सगळं समजावून सांगितलं.

ते बराच वेळ पाहत राहिले. मग भिंग परत देत म्हणाले, "म्हंजे मीच त्याला आजारात बुडवत व्हतो."

मी घाईघाईने सांगू लागले, इंजेक्शन आहे, बैल बरा होईल, तळ्यात बदकं सोडा, ती गोगलगाई खातात. पण तोवर दादांचा पुतण्या निलेश येऊन उभा राहिला होता. तळं बुजवून तिथे नवीन इमारत बांधायची त्याची इच्छा. आजवर एकटे दादाच आडवे येत होते.

"ऐकलंत ना काका? डॉक्टरच बोलतायत, तळ्यात रोग आहे."

"बदकांनी काम होईल हो," मी पुन्हा म्हटलं.

दादांनी बादलला बाहेर काढलं, खांद्यावरच्या टॉवेलने त्याचं नाक पुसलं. "बदकं कोन सांबालनार, बाय? आन एखादी गोगलगाय ऱ्हायली तर?" मग पुतण्याकडे न बघताच म्हणाले, "बुजव तलाव. माजा बैल वाचू दे."

मी परतीच्या गाडीत बसले तेव्हा सामानात भरपूर गोगलगाई होत्या. संशोधनाच्या दृष्टीने एवढी चांगली सहल माझ्या वाट्याला आली नव्हती, तरी पुण्यापर्यंत मी त्यांची बाटली एकदाही काढून पाहिली नाही. मी खोटं काही बोलले नव्हते. पण थोडं थांबून, निलेश नसताना, आधी बदकांचंच बोलले असते तर? हे 'तर' अजून सुटत नाही.

परवा दादांचा फोन आला. इंजेक्शनं लागू पडली होती. गाठ विरली, श्वास मोकळा झाला, बादल दावणीला ओढ देतो म्हणाले. मी अभिनंदन केलं. मग त्यांनी विचारलं,

"मॅडम, तलाव बुजवला. खाडीकडं जायाची वाट बी बंद केलीय. आता याला पोवायला कुटं नेऊ?"

मी म्हटलं, बघते. काय बघणार होते, कोण जाणे.