तीस एकर कोणी फोडले?

सस्कॅचेवान प्रांताला पंचाहत्तर वर्षं झाली, त्या साली गावोगावच्या कमिट्यांनी आपापल्या इतिहासाची पुस्तकं काढली. आमच्या झोलोताव्हा गावाचं पुस्तक छापून आलं. वाटपाला महिना होता. टेकल्यामावशीनं आपल्या आजोबांचं पान उघडलं.

‘ह्रिहोरी बोदनारचुक १९०३ साली मायदेशातून इथे आले. स्वतःच्या हातांनी तीस एकर माळ फोडला. सोबत पत्नी होती.’

मावशी बत्तीस वर्षं शाळेची बस चालवून नुकतीच निवृत्त झालेली. तिचा आवाज अजूनही शेवटच्या बाकापर्यंत जायचा.

"ट्रंक होती, चूल होती, पत्नी होती! अगं, तिला नाव नव्हतं का?"

आजीचं नाव पारास्का. मावशी मला घेऊन सास्काटूनच्या दप्तरखान्यात गेली. जमीन नावावर होताना ह्रिहोरींनी शपथेवर लिहून दिलेला कागद तिथे निघाला, सहीच्या जागी फुली. पहिली तिन्ही वर्षं मे ते ऑक्टोबर आपण रेल्वेच्या कामावर होतो, असं त्यात त्यांनीच सांगितलं होतं. खाली त्याच तीन वर्षांत फोडलेली जमीन: चार, अकरा आणि पंधरा एकर.

मावशीनं बोटांवर महिने मोजले. "आजोबा हिवाळ्यात घरी. तेव्हा इथली जमीन दगडासारखी गोठलेली. म्हणजे नांगर आपोआप चालला होय? आजोबा खोटं बोलले नाहीत बघ. खोटं आपल्या कमिटीनं लिहिलं."

तेव्हा शेजारच्या शेतावर राहणाऱ्या, आता नव्वदीच्या युस्तिनाआजी वृद्धाश्रमात होत्या. त्यांनी तर विचारायच्या आतच सांगितलं, "बैल आमचे, नांगरावर पारास्का. मी पुढे बैल धरायची. तुझा बाप जन्मला त्याच्या चौथ्या दिवशी ती परत शेतात. मी शिव्या घातल्या तिला. म्हणाली, थंडी काय माझी वाट बघणारे?"

मावशी तशीच कमिटीच्या ओरेस्टकडे गेली.

"टेकल्या, पुस्तक छापून झालंय," तो म्हणाला.

"मग चिठ्ठी छापा. मी चिकटवते."

"बरं. लिहितो, ‘पत्नीनं मोलाचा हातभार लावला.’"

"हातभार? ज्याचं काम त्याला हातभार लावतात, ओरेस्ट. काम तिचं होतं! हातभार लावायलासुद्धा नवरा तिथे नव्हता!"

"एकीचं लिहिलं की सगळ्या येतील भांडायला."

"येऊ देत. तुझ्या आजीचं नाव काय?"

 ओरेस्टनं आपल्या घराचं, स्वतःच लिहिलेलं पान उघडलं. तिथे होतं, ‘पत्नी आणि चार मुलं.’ 

"आम्ही तिला आजीच म्हणायचो," तो म्हणाला.

"लाज वाटू दे," मावशी म्हणाली आणि दार आपटून बाहेर पडली.

चिठ्ठी छापली गेली, मावशीच्या शब्दांत: ‘ही तीस एकर जमीन पारास्का बोदनारचुक हिने फोडली.’ चारशे प्रतींत आम्ही दोघींनी ती चिकटवली. वाटपाच्या दिवशी ओरेस्ट दप्तरखान्याचा पत्ता विचारायला आला. मावशीनं तो दिला, पण बसायला सांगितलं नाही. तीन घरांनी मात्र चिठ्ठी फाडून काढली. त्यातलं एक तिच्या सख्ख्या भावाचं.

"आजोबांची बदनामी," तो म्हणाला.

मावशी त्या वर्षी नाताळला त्याच्याकडे जेवायला गेली नाही.