तांड्यावरची मनाची बाई

सासूसुनेचं भांडण दाराबाहेर उभं राहून ऐकू नये, हे कौसल्याबाईला कोणी शिकवायची गरज नव्हती. पण त्या दिवशी तिच्या चपलेचा अंगठा हंसाबाईच्या दारातच तुटला. ती खाली बसून त्याला पिन लावत होती, आणि आतलं बोलणं आपसूकच कानावर आलं.

“पोरीले अजून किती घोकवता आत्याबाई? झोपीत बी तेच बरळते ती.” ही सून, चंदाबाई.

“बरळू दे. साहेब येईन तवा तेच वाक्य तोंडात पायजे.” ही सासू, हंसाबाई.

“तिचा बाप गेला. तिले रडू तं द्या!”

“तुह्या पोरीच्या पोटात काय हाय, तुले मालूम नाई चंदे. मले मालूम हाय. ते जर साहेबापुढं बोलली ना, तं तुह्या नवऱ्याचा कागद अपात्र होईन. मंग रडत बसा दोघी मायलेकी.”

आत एक भांडं आपटलं. कौसल्याबाईची पिन बोटात घुसली होती, पण तिचं ध्यान बोटाकडे नव्हतं. तिला आठवत होतं मागच्या गुरुवारी आपण रजिस्टरात लिहिलेलं एक वाक्य. टपोऱ्या अक्षरात, शाईच्या पेनानं, मोठ्या आनंदानं लिहिलेलं: मुलगी मोकळेपणाने बोलू लागली आहे.

ही मुलगी म्हणजे चंदाबाईची उज्ज्वला. अकरा वर्षांची. तिचा बाप देवीलाल दिवाळी झाल्यावर एका सकाळी वावरात गेला आणि त्यानं जीव दिला. ते बोंडअळीचं साल होतं. बोंड बाहेरून हिरवंगार दिसायचं, फोडलं की आत गुलाबी अळी आणि काळी पडलेली सरकी. आर्णीच्या आसपासच्या कितीतरी घरांत त्या वर्षी माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती.

आणि असं मरण झालं की कचेरीतले लोक येतात, हे त्या भागात लेकरालाही ठाऊक. ते घरच्यांना विचारतात, वहीत लिहितात, आणि मग कागद ठरतो: पात्र नाहीतर अपात्र. पात्र ठरलं तर मदत, नाही तर नाही. म्हणून ज्याच्या काखेत वही तो साहेब, आणि साहेबाला काय सांगायचं ते आधी पाठ करून ठेवायचं.

आता कौसल्याबाई चार गुरुवार त्या पोरीसमोर बसली ती कशी? काखेत लाल फडक्याच्या पुठ्ठ्याचं हे एवढं मोठं रजिस्टर! चार गुरुवार पोर मुकी. पाचव्या गुरुवारी एका दमात म्हणाली, “बोंडअळीने कापूस खाल्ला, नापिकी झाली, म्हणून माझे वडील गेले.” घरात बंजाऱ्यांची गोरबोली, बाहेर वऱ्हाडी बोलणारी ही पोर बापाला ‘बा’ म्हणायची. ‘माझे वडील’ तिच्या तोंडात आलं कुठून, एवढंही कौसल्याबाईला सुचलं नाही. बावीस वर्षं अंगणवाडीत लेकरं सांभाळली, आणि पाठ केलेलं कोणतं नि मनातलं कोणतं ते ओळखता आलं नाही. तिला स्वतःचीच लाज वाटली.

अंगणवाडीनंतर यवतमाळच्या एका संस्थेनं तिला सहा महिने शिकवलं होतं. दुःख झालेल्या लेकरांशी कसं बसावं, काय बोलावं, काय बोलू नये. शेवटी गळ्यात घालायला कार्ड दिलं, त्यावर ‘समुपदेशक’. तो शब्द तांड्यावर कोणाच्या जिभेवर बसेना. आधी लोकांना वाटलं नर्स आहे. म्हाताऱ्या दंड पुढं करून विचारायच्या, सुई कुठं हाय? सुई नाही, गोळी नाही, नुसतं बोलायला संस्था पगार देते म्हटल्यावर सगळ्यांना हसू फुटलं. तेव्हापासून ती ‘मनाची बाई’.

तांड्याचा नायक रूपसिंग तर तिला पाहिलं की हटकायचाच.

“जयभीम मनाची बाई! माह्या बायकोचं मन एकडाव तपासा. लय खराब झालं.”

“जय सेवालाल नायक. आधी तुमचं तोंड तपासू द्या. अर्धा आजार तिथंच सापडंन.”

पण त्या भांडणाच्या दिवशी तो समोर आला तेव्हा ती हसली नाही. तशीच परत फिरली, बसस्टॉपपर्यंत चप्पल ओढत गेली.

पुढच्या गुरुवारी ती मोकळ्या हातानं आली. घरात गेलीच नाही. तांड्याच्या टोकाला हापशी होती, दुपारी तिथं पोरीसोरी पाण्याला यायच्या. उज्ज्वला पाण्याचा पितळी गुंड घेऊन आली तशी कौसल्याबाईनं दांडा धरला.

“तू गुंड सांभाळ, मी हापसतो.”

“वही कुठं हाय?” पोरीनं विचारलं.

“घरी. आता तुह्यासाठी आनणार नाई.”

पोरीनं तिच्या दोन्ही हातांकडे नीट पाहिलं, पिशवीत डोकावलं, आणि गुंड नळाखाली धरला. त्या दिवशी दोघी एवढंच बोलल्या.

मग तीच रीत पडली. कौसल्याबाई पोरीच्या तोंडाकडे पाहायची नाही. पाण्याकडे पाहायची, दांड्याकडे पाहायची. संस्थेत शिकवलं होतं समोरासमोर बसा, नजरेला नजर द्या. पण ती शिकवणारी माणसं शहरातली, खुर्चीवर बसणारी. इकडच्या लेकराकडे मोठ्या माणसानं टक लावून पाहिलं म्हणजे एक तर मार, नाहीतर साहेब. हात कामात असले की तोंड आपोआप सुटतं, हे तिला निंदणाला गेलेल्या बायांमध्ये उठून-बसून माहीत होतं. पाच गुरुवार शाळेच्या, शेळीच्या, मैत्रिणीच्या गोष्टी झाल्या. कौसल्याबाईचे खांदे दुखून आले. घरी नवरा, श्रावण, खांद्याला तेल चोळता चोळता म्हणायचा, “मनाचं काम म्हनतं, अन् मोडते मात्र हाड.”

सहाव्या गुरुवारी कौसल्याबाईनं पिशवीतून केळं काढलं. आधीही एकदा, घरी आली त्या पहिल्याच दिवशी, तिनं केळं दिलं होतं, आणि पोरीनं हात लावला नव्हता. तेव्हा तिला वाटलं, लाजते. आज पोर मागं सरकली, जणू साप दाखवला. गुंड कलंडला, पाणी वाहून गेलं.

“मले नको ते.”

“बरं. नको तं नको.” तिनं केळं पिशवीत टाकलं आणि पुन्हा हापसू लागली.

अर्धा गुंड भरल्यावर पोर पाण्याकडे पाहतच बोलली. “बा म्हने, चाल येतं का वावरात. मी नाई म्हनलं.”

“काहून वं?”

“शाळेत केळं भेटनार होतं. खिचडीसंगं. त्या दिवशी केळ्याचा वार होता.” मग बराच वेळ दांड्याचा करकर आवाज. “मी गेली असती तं बा मेला नसता. माह्यासमोर कसा मेला असता? मी केळ्यासाठी नाई गेली.”

कौसल्याबाईच्या ओठांवर आलंच होतं, नाही गं बाई, तुझं काही चुकलं नाही. पण असं घाईनं म्हटलं की लेकराला वाटतं आपलं ऐकलंच नाही. तिनं आधी विचारलं, “हे कोनाले सांगतलं होतं?”

“दादीले. दादीनं तोंडावर हात ठेवला. म्हने, हे साहेबाले सांगशीन तं साहेब लिहीन पोरीपायी मेला, घरगुती कारन. मंग आपन अपात्र.”

म्हणजे ते वाक्य कुठून आलं, ते आता कळलं. हंसाबाई काही वाईट नव्हती. पोटचा लेक गेलेली बाई होती, आणि उरलेल्या घराला सावरायला तिच्या हाताशी तेवढंच एक वाक्य होतं. तिनं ते पोरीच्या तोंडात कोंबलं.

“उज्ज्वला,” कौसल्याबाई म्हणाली, “तुह्या बानं लय दिवसांपासून मनात काहीतरी धरलं होतं. आतून पोखरत होतं त्याले. त्याच्या मायले दिसलं नाही, बायकोले दिसलं नाही, एवढा मोठा नायक, त्याले दिसलं नाही. तुले अकरा वर्साच्या पोरीले कसं दिसंन? तू केळं खायले गेली. लेकरानं तेच कराचं असते.”

पोर तेव्हा रडली. तीन महिन्यांत पहिल्यांदा. मोठ्यानं, नाक गळेपर्यंत. पाण्याला आलेल्या बाया थबकल्या, आणि कौसल्याबाईनं हातानंच त्यांना सांगितलं, थांबा जरा. त्या रिकामी भांडी घेऊन थांबल्या.

पुढच्या आठवड्यात कचेरीतले साहेब आले. ओसरीत बसले, चहा झाला. पोरीला पुढं उभं केलं. हंसाबाई तिच्या मागं, एक हात खांद्यावर.

“बाळ, वडील कशामुळे गेले?”

उज्ज्वला बोलली नाही. पाठ केलेलं नाही, दुसरंही नाही. हंसाबाईचा हात खांद्यावर दाबत गेला. साहेब वाट पाहून थकले आणि खांबाला टेकलेल्या कौसल्याबाईकडे वळले. “तुम्ही येता ना हिच्याकडे? तुमच्या नोंदीत काय आहे? दाखवा, तेच लिहून घेतो.”

नोंदीत पोरीनं म्हटलेलं ते वाक्यही होतंच. बोंडअळी, नापिकी, माझे वडील. रजिस्टर आणून दाखवलं असतं तर साहेबांचं काम झालं असतं, हंसाबाईनं तिचे पाय धरले असते. आणि पोरीला कळलं असतं की मनाच्या बाईची वही शेवटी साहेबाच्याच टेबलावर जाते.

“लेकराचं बोलनं दाखवाचं नसते साहेब,” कौसल्याबाई म्हणाली. “मले तसं शिकवलं हाय.”

साहेबांनी खांदे उडवले, कागद गोळा केले.

सव्वा महिन्यानं पत्र आलं. अपात्र.

त्या गुरुवारी हंसाबाई हापशीवर आली आणि चारचौघींत बोलली, “तुह्या वहीत चार अक्षरं होती, तेवढी दाखवली असती तं काय झिजलं असतं तुहं? माह्या लेकाच्या मरनाले सरकारनं खोटं ठरवलं. माह्या दारात पाय ठेवू नको.”

कौसल्याबाईनं पत्र मागून घेतलं. अक्षरं लावत लावत वाचलं. त्यात पोरीचं नाव नव्हतं, नोंदीचं नाव नव्हतं, केळ्याचं तर नव्हतंच. लिहिलं होतं की सातबारा मयताच्या नावावर नाही. जमीन अजून देवीलालच्या बापाच्या नावावर होती, जो बारा वर्षांपूर्वी वारला. जमीन नावावर नाही म्हणून तो शेतकरी नाही, आणि शेतकरी नाही म्हणून त्याचं मरण शेतकऱ्याचं नाही. पोर बोलली असती तरी हेच आलं असतं.

तिनं हे समजावून सांगितलं. हंसाबाईला पटलं नाही. दुःखाला कोणीतरी समोर लागतं, आणि सातबाऱ्याशी भांडता येत नाही. पण उज्ज्वला शेजारी उभी होती. ती म्हणाली, “अजून एकडाव वाचा.” कौसल्याबाईनं वाचलं. “अजून.” तिसऱ्यांदा वाचलं, बोट ठेवून, म्हणजे पोरीला स्वतःलाही पाहता येईल. मग पोरीनं गुंड डोक्यावर घेतला आणि गेली.

उन्हाळा लागता लागता संस्थेचं काम संपलं. वरून मंजुरी आली नाही म्हणाले. कार्ड परत घेतलं. पण कौसल्याबाईचा गुरुवार काही कोणी परत मागितला नाही. ती येत राहिली. दार बंद होतं, हापशी काही कोणाच्या मालकीची नव्हती. चंदाबाई कधी कधी मुकाट्यानं तिच्यासाठी ताकाचा पेला पाठवायची, आणि हंसाबाई तो जाताना पाहून न पाहिल्यासारखं करायची.

पाऊस संपता संपता कौसल्याबाईला धाप लागू लागली. डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप खराब झाली, नागपूरला ऑपरेशन करा. तारीख मिळाली, पण तारखेच्या आधीच, एका मंगळवारी सकाळी, चुलीपुढं बसल्या बसल्या ती गेली. त्याआधीच्या गुरुवारी श्रावणनं तिला हरप्रकारे सांगून पाहिलं, आज नको जाऊ. ती म्हणाली, लेकरू वाट पाहते, आणि पिशवी घेऊन निघाली.

बसमधून उतरली, बाभळीखाली दोनदा थांबली, हापशीवर पोचली. उज्ज्वला आधीच आलेली. आता ती सातवीत होती. दांडा पोरीनं धरला आणि गुंड कौसल्याबाईनं.

“पुढच्या गुरुवारी मी येनार नाई,” कौसल्याबाई पाण्याकडे पाहत म्हणाली. “छातीचं ऑपरेशन हाय माह्यं, नागपूरले.”

दांडा थांबला. “तुमी मरान का?”

“मालूम नाई मले. डॉक्टर म्हनते, वाचशीन. पन वाचली नाई, तं ते माह्या झडपेमुळं. तू काही केल्यानं नाई, अन् तू काही नाई केल्यानं बी नाई. समजलं?”

पोरीनं मान हलवली.

“तोंडानं सांग.”

“समजलं.”

“हापस मंग. गुंड अर्धाच हाय.”

पोरीनं हापसलं. शाळेत नवीन मॅडम आली आहे, ती पोरांवर ओरडते पण चित्रं छान काढते, असं काहीबाही सांगत राहिली. कौसल्याबाई ऐकत होती. गुंड काठोकाठ भरला, तेव्हा तिनं तो दोन्ही हातांनी उचलून पोरीच्या डोक्यावर ठेवून दिला, पदरानं हात पुसले आणि चारच्या बससाठी रस्त्याकडे चालू लागली.