बेलाखालचं अंडं

भाचीला दुधनीहून सोलापूरला शिकायला आणलं, तेव्हा तिच्या सामानाची यादी मी स्वतः केली होती. मैत्रिणी तेवढ्या यादीत घालायच्या राहिल्या. बहिणीच्या सासरी कानडी बोलतात, त्यामुळे भाचीचं मराठी आमच्या सोसायटीतल्या मुलांना भलतंच विनोदी वाटायचं. त्यांचं स्वतःचं निम्मं मराठी इंग्रजी असतं, पण ते सुधारलेलं. एका संध्याकाळी भाचीनं सांगून टाकलं, "मावशी, मी परत जाते." मी तिच्याकडून एक रविवार मागून घेतला.

रविवारी सोसायटीतल्या मुलांसाठी बागेत डायनोसॉरची शोधमोहीम ठेवली. याला जिओकॅशिंग म्हणतात. मोबाइलवर अक्षांश-रेखांश टाकायचे, बाणाच्या मागे जायचं आणि लपवलेला डबा शोधायचा. एरवी मुलांना हाक मारून बागेत पाठवावं लागतं, पण उपग्रहानं सांगितलं की ती पळत जातात.

शेवटचा टप्पा म्हणजे माझी कलाकृती. वाळू मिसळलेल्या प्लास्टर ऑफ पॅरिसचं नारळाएवढं अंडं, राखाडी रंगवलेलं, आत रबरी डायनोसॉरचं पिल्लू. आदल्या संध्याकाळी मी ते बेलाच्या झाडाखाली पुरून निम्मं वर ठेवलं, कारण तिथे रेंज उत्तम होती. गुळगुळीत, राखाडी, लंबगोल वस्तू, बेलाखाली आणि तीही सोलापुरात. याला नियोजन म्हणतात.

सकाळी डबे भराभर सापडले. भाची सगळ्यांच्या मागे चालत होती, तिच्या हाती कुणी मोबाइल दिला नव्हता. बेलाशी पोचलो तर अंड्यावर विभूतीचे तीन पट्टे, डोक्यावर बेलपानं, आणि समोर इरकल नेसलेल्या एक अज्जी तांब्यातून पाणी घालत बसलेल्या. रंग ओघळायला लागला होता.

मी नम्रपणे खुलासा केला की हा देव नाही, अंडं आहे.

शहाण्या माणसानं याहून वाईट शब्द शोधून दाखवावा. अज्जींनी तांब्या खाली ठेवला. "बेलाखाली अंडं? शिकलेली दिसतीस की गं बाई." मग अंड्यावर हात ठेवून त्या मुक्कामालाच बसल्या. आता हे काढायचं न्हाई आणि फोडायचं तर न्हाईच, असं त्यांनी बजावलं. फिरायला आलेली चार माणसं माझ्याकडे बघत थांबली. मुलं म्हणाली, चला, बोअर झालं. भाचीनं माझ्याकडे पाहिलं, आणि तिची बॅग भरायला घ्यावी लागणार हे मला कळलं.

पण ती पुढे गेली. चप्पल काढली, अज्जींच्या शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "अज्जी, ओळग मरी अद." आत पिल्लू आहे.

अज्जींनी अंड्यावरचा हात काढला. मग दोघींचं कानडीत बराच वेळ चाललं. पिल्लू आत कोंडलेलं, तर बाहेर काढणं हे पुण्यच, असा निकाल लागला असावा, कारण अज्जींनी स्वतःच ओलं प्लास्टर बोटांनी उकरलं आणि हिरवं रबरी पिल्लू भाचीच्या ओंजळीत ठेवलं. मुलांनी तिला गराडा घातला. अज्जी काय म्हणाल्या, पिल्लाला काय म्हणतात, तू आणखी काय काय बोलू शकतेस? कानडीला अचानक भाव आला. सगळे तिला घेऊन झोपाळ्यांकडे पळाले.

मीही निघणार होते. अज्जी म्हणाल्या, "तू बस." बागेत काय ठेवावं आणि काय ठेवू नये, हे त्यांनी मला सावकाश समजावून सांगितलं. मी मान हलवत राहिले. झोपाळ्यांकडून भाचीचा आवाज येत होता. ती पोरांना कानडी शिकवत होती, आणि चुकलं की हसत होती.